आबांची दुनळी आणि नातीचा खांदा

मुलगी 15 वर्षांची, नववीत शिकणारी. उंची पाच फूट एक इंच, वजन 44 किलो. गाव कोरेगाव तालुक्यात, शाळा साताऱ्यात. एनसीसीत .22 रायफल दोन-तीनदा हाताळलेली आणि माझ्याकडे दीड वर्ष 10 मीटर एअर रायफल केलेली. हात स्थिर, डोकं शांत. अशी पोरं वर्षाला एखादीच भेटतात, म्हणून तिची पहिली शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, निवडण्याचं हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. यात एक चूक माझी आहे, तीही लिहितो.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि माझ्याकडची झाडून सगळी पोरं रायफलीला चिकटली. हिचं मन मात्र चार दिवसांनी झालेल्या दुसऱ्याच सामन्यात अडकलं. महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका ही आपली जोडी स्कीटच्या, म्हणजे शॉटगननं उडत्या चकत्या फोडायच्या, मिश्र स्पर्धेत ब्राँझसाठी खेळली आणि 43-44 अशी एका चकतीनं हरली. दुसऱ्या दिवशी ही माझ्यासमोर उभी. "सर, उडणाऱ्या चकतीवर मारायचंय."

तिच्या आजोबांकडे बारा बोअरची दुनळी आहे. आबा फौजेतून निवृत्त, वय 70 च्या पुढं. बंदूक त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली, इंग्लंडात घडवलेली, शेजारी-शेजारी नळ्यांची. आबांचं म्हणणं सरळ होतं. "घरात बंदूक असताना दुसऱ्याची कशाला? माझी हाय, तिचीच व्हणार हाय पुढं." तिच्या आईचं म्हणणं होतं की पोरगी बारीक आहे, एखादी हलकी, लहान बंदूक बघा. बंदुकीच्या दुकानदारानं आईचीच री ओढली आणि हलकी एकनळी दाखवली. तिघांच्याही बोलण्यात माया होती. आणि तिघांचाही सल्ला, माझ्या मते, चुकीचा होता.

कायदा पहिल्यांदा सांगितला, कारण घरोघरी इथंच गोंधळ असतो. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्याच कलमात प्रशिक्षणापुरती कमी वयाच्या मुलांना सवलत आहे, पण ती नियमांच्या चौकटीत, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली. म्हणजे 15 वर्षांच्या मुलीची "पहिली शॉटगन" ही विकत घ्यायची वस्तूच नाही. ती दुसऱ्याच्या परवान्यावरची असते, तो परवानाधारक शेजारी उभा असतो आणि बंदूक संध्याकाळी त्याच्याच कपाटात जाते. आबांनी विचारलं, मग आपल्याच रानात, उसाच्या कडेला चार डबे मांडून शिकवलं तर? मी स्पष्ट नाही म्हणालो. परवाना काही मोकळ्या रानात पोरांना शिकवण्यासाठी दिलेला नसतो, हे एक. आणि दुसरं, चकतीवर मारायच्या काडतुसातला सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा छर्राही कोन जमला तर 200 मीटरच्या आसपास जातो. तोडणीच्या दिवसांत उसाच्या फडात कोण बसलंय, कुणाचं पोर झोळीत झोपलंय, हे बांधावरून दिसत नाही. शिकारीचा तर विषयच नको. वन्यजीव कायदा 1972 पासून आहे, आणि आपला जिल्हा कोयना, चांदोलीच्या जंगलाला लागून आहे.

तेव्हा जे करायचं ते रेंजवर. आमच्यासाठी त्याचा अर्थ पहाटे साडेचारला साताऱ्याहून निघायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा, आणि दिवस घालवून परत यायचं.

पहिला बार

विधानसभेच्या निवडणुकीसाठी आबांची बंदूक ठाण्यात जमा होती. ती परत आली डिसेंबरात, आणि आबांना धीर निघेना. "एकच बार काढू द्या पोरीला, बघू तर दे." परवानाधारक स्वतः हजर, रेंज रीतसर, कानाला मफ, डोळ्याला चष्मा. मीही हो म्हणालो. काडतुसाचं खोकं आबांनी आणलं होतं, 32 ग्रॅम छऱ्यांचं. मी खोक्यावरचा आकडा वाचला आणि गप्प बसलो. ती माझी चूक.

बार झाला. नळ्या आभाळाकडं उसळल्या. मुलगी दोन पावलं मागं गेली, पण बंदूक सोडली नाही आणि नळीचं तोंड खाली ठेवलं, हे तिचं शिक्षण. चकती अख्खीच्या अख्खी गवतात पडली. ती हसली, "बरं वाटलं" म्हणाली. गाडीत बसल्यावर आईनं स्वेटरची बाही वर केली. काळानिळा डाग खांद्यावर नव्हता. दंडावर होता, काखेच्या बाहेर चार बोटं. गालाच्या हाडावर लाल वळ.

त्या डागाच्या जागेवरच सगळं प्रकरण उभं आहे. धक्का खांद्याच्या खोबणीत बसला असता तर अंगानं झेलला असता. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, तिच्या हाताला लांब होता, म्हणून तो खोबणीत आलाच नाही, दंडावर टेकला. मान पुढं ताणून तिनं गाल कसाबसा लावला होता, म्हणून गालालाही बसलं.

घरी आल्यावर आबांच्या ओसरीवर आम्ही बंदूक उघडली, पुढची लाकडी पकड काढली, नळ्या वेगळ्या करून उलट्या धरल्या. आबांनी पेपर वाचायचं भिंग आणलं. नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावर तपासणीचे ठसे असतात. झिजलेले होते, पण "12" वाचता आलं आणि त्याच्या बाजूला "2½ इंच". म्हणजे काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं. खोक्यावर मी वाचलेला आणि मनावर न घेतलेला आकडा होता 70.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण जुन्या दुनळ्या आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. काडतुसाची सांगितलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. न उडवलेलं 70 चं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यानं आखूडच दिसतं. 65 च्या घरात ते सहज शिरतं, बंदूक नीट मिटते, काहीच अडत नाही. बार झाला की दुमड उलगडायला जागा मिळत नाही, ती नळीच्या अरुंद गळ्यात शिरते, दाब वाढतो, धक्का वाढतो. जुन्या नळीला असं वारंवार झालं तर काय होईल ते बोलायला नको. "बसतंय म्हणजे चालतंय" हा नियम काडतुसाला लागू नाही. आबांनी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापानं सांगितलं न्हाई कधी. मी बी इचारलं न्हाई."

खोटं काडतूस

त्यानंतरच्या फेरीत रेंजवरची एक बंदूक 24 ग्रॅमच्या काडतुसांवर देऊन बघितली. मुलगी तयार होती, तक्रार नव्हती, तरी प्रत्येक बार खाली जायचा. मला शंका होती. तिला न सांगता मी एका वेळी भरलेल्या काडतुसाऐवजी सरावाचं पोकळ काडतूस घातलं. तिनं "पुल" म्हटलं, चकती सुटली, चाप ओढला, आणि बार न होताच नळीचं तोंड वीतभर खाली झुकलं. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. तिनं ते स्वतः पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, मी घाबरत नाहीये." खरंच घाबरत नव्हती. अंगानं एका बारात जे शिकलं होतं ते मनाला विचारून शिकलं नव्हतं. ते विसरायला सात आठवडे लागले. चुकीच्या पहिल्या बंदुकीचा खरा खर्च हा, पैशाचा खर्च त्यापुढं काहीच नाही.

ते सात आठवडे बार बंद. गावातल्या सुताराकडून सागाची लाकडी बंदूक करून घेतली, नळीच्या जागी पोकळ काढून त्यात शिसं ओतलं, वजन तीन किलो भरलं. ही घरी ठेवायला कुणाचा परवाना लागत नाही. रोज सकाळी पन्नास वेळा खांद्याला लावायची: आधी गाल, मग खांदा, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या वरच्या कडेनं डावीकडून उजवीकडं फिरायची. ही लाकडी बंदूक हीच खरं तर तिची पहिली शॉटगन, असं आता वाटतं. कारण हिच्यावर आम्ही मापं शोधली.

दस्त्याचं माप म्हणजे चापापासून दस्त्याच्या टाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर. आबांच्या दुनळीचं साडेचौदा इंच, त्यांच्या वडिलांच्या धिप्पाड अंगाचं. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत ठेवला तर तिच्या बोटाचं टोक चापाच्या दीड इंच अलीकडंच थांबायचं. ही कोपराची चाचणी दुकानात करतात आणि ती अंदाजापुरती ठीक आहे. मला जास्त भरवशाचं वाटतं ते दुसरं माप: बंदूक खांद्याला, गाल दस्त्यावर, आणि मग अंगठ्याचा मागचा भाग व नाक यांत दोन ते तीन बोटांचं अंतर. कमी असलं तर धक्क्याला अंगठा नाकावर येतो. सुतारानं चार वेळा टोक कापलं, तेव्हा सव्वातेरावर सगळं जुळलं.

आणि मग एक गोष्ट सापडली, जी मी पहिल्या दिवशी तपासायला हवी होती. दोन्ही हात पुढं ताणून तळव्यांमध्ये रुपयाएवढं छिद्र करायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एक वस्तू धरायची, आणि नजर न हलवता हात चेहऱ्याकडं आणायचे. गच्चीवरून तिनं अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा धरला. हात आले ते सरळ डाव्या डोळ्यावर. तीनदा केलं, तीनदा डावा. मुलगी उजव्या हाताची, राज्य डाव्या डोळ्याचं.

एअर रायफलमध्ये हे लपून गेलं होतं, कारण तिथं डाव्या डोळ्यासमोर पट्टी असते. शॉटगनला दोन्ही डोळे उघडे लागतात. चकती 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची, ट्रॅपमध्ये, म्हणजे चकती समोर लांब जाणाऱ्या प्रकारात, 76 मीटरपर्यंत जाण्याइतक्या वेगानं सुटते, आणि तिचं अंतर-वेग हे दोन डोळ्यांनीच कळतं. रायफलीत आपण नेम धरतो. शॉटगनमध्ये चकतीकडं बघायचं असतं आणि बंदूक नजरेमागं यायला हवी. उजवा खांदा आणि डावा डोळा असेल तर नळी चकतीच्या बाजूला जाते आणि पोराला कळत नाही की आपण का चुकतोय. उपाय दोन. चष्म्याच्या डाव्या काचेवर, बाहुलीच्या जागी, चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, किंवा खांदा बदलायचा. दहा वर्षं मारलेल्या माणसाला मी पट्टी सांगेन. हिच्या अंगाला अजून काहीच शिकवलेलं नव्हतं, जे शिकलं होतं ते विसरायचंच होतं. खांदा बदलला. डाव्या खांद्यावर ती भीती नव्हती, हा फायदा मला नंतर उमगला.

कोणती बंदूक

आता निवड. आबांची दुनळी 65 च्या घरासाठी बाद झाली नाही, 65 ची काडतुसं मिळतात. ती बाद झाली मापानं, उजव्या माणसासाठी बाजूला वळवलेल्या दस्त्यानं आणि चोकनं, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळणीनं. उजवी नळी अर्ध्या चोकची, डावी पूर्ण चोकची. पूर्ण चोक म्हणजे 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात साधारण 70 टक्के छर्रे. हे जाणत्याला वरदान, पण शिकणाऱ्याला जवळच्या चकतीवर पसरट वार हवा असतो. दस्ता कापायचा प्रश्न आबांनी काढला होता, "कापा म्हणालात तर कापू." मी नको म्हणालो. तीन पिढ्यांचं लाकूड दोन वर्षांच्या मापासाठी कापू नये.

दुकानदाराची हलकी एकनळी. हिच्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे, कारण बारीक पोराला हलकी बंदूक हा समज सगळीकडं आहे. धक्का हा बंदूक आणि काडतूस यांचा हिशेब आहे. तेच काडतूस घातलं तर बंदूक जितकी हलकी तितकी ती जोरात मागं येते. 24 ग्रॅमचं काडतूस 3.2 किलोच्या बंदुकीतून आणि 2.4 किलोच्या एकनळीतून मारलं तर दुसऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांश जास्त. आबांच्या 2.9 किलोच्या दुनळीतून 32 ग्रॅम मारलं तेव्हा तिनं झेललं ते, 3.2 किलो आणि 24 ग्रॅमच्या तुलनेत, माझ्या हिशेबानं पावणेदोन पटीच्या आसपास होतं, जास्तीच्या दाबाचं वेगळंच. एकनळीत आणखी एक धोका, तिचा घोडा बाहेर असतो. घामेजलेल्या लहान अंगठ्यानं तो चढवताना किंवा हळूच उतरवताना निसटतो. मुलांच्या हातात मी ती देणार नाही.

.410 ची, म्हणजे फार बारीक नळीच्या शॉटगनची, चौकशी आईनं केली. धक्का नाममात्र, पण छऱ्यांची ओंजळही नाममात्र. मूठभर छऱ्यांनी चकती फोडणं हे उस्तादाचं काम. पोरगं चुकत राहतं आणि महिन्याभरात खेळ सोडतं. वीस बोअर, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची, मला मनापासून आवडते, आणि परदेशात असतो तर कदाचित तीच घेतली असती. आपल्याकडे बारा बोअरचं काडतूस हाताशी असतं, बाकीच्यासाठी शोधाशोध. शिवाय आबा, मी आणि रेंज, सगळे बारा बोअरवाले. वीसचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत पडलं तर ते घरातून पुढं घसरून गळ्यात अडकतं, दिसत नाही. वरून बाराचं भरून बार काढला की नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. तरीही एका पिशवीत दोन्ही नकोत.

पंप-ॲक्शन रेंजवर उपलब्ध होती. दणकट, पण रिकामी आहे की भरलेली हे लांबून कळत नाही आणि डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याचं उडालेलं टरफल तोंडासमोरून जातं. मोडून उघडणारी बंदूक उघडी असली की मैदानाच्या पलीकडच्या माणसालाही आरपार उजेड दिसतो. शिकणाऱ्यांच्या गर्दीत मला हा गुण इतर सगळ्या गुणांहून मोठा वाटतो.

रेंजवरची स्पर्धेची उभी दुनळी, म्हणजे एकावर एक नळ्यांची, नामांकित इटालियन. बघून जीव हरखावा अशी. साडेतीन किलोच्या वर, 30 इंची नळ्या, मुठीला उजव्या तळव्याचा फुगवटा. डाव्या हाताला तो फुगवटा उलटा टोचतो. नाही.

मिळाली ती कराडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडं. साखर कारखान्यात हयात काढलेले, मुलं बाहेर, हौसेनं ट्रॅप करणारे. त्यांची साधी उभी दुनळी: 70 चं घर, 28 इंची नळ्या, 3.2 किलो, बदलता येणारे चोक, दस्ता जवळजवळ सरळ. सामान्य माणसाला अशी बंदूक परदेशातून मागवता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांना आहे, त्यामुळं इथल्या जुन्या बंदुका जपून वापरल्या जातात. दस्ता आखूड करायचं त्यांना विचारताना माझी जीभ अडखळली. त्यांनी पोरीला बंदूक धरायला लावली, बघितलं, आणि म्हणाले, "कापा. तुकडा तेवढा मला द्या, पोरगी वाढली की परत जोडू." दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून ते काम सुताराकडं नाही, परवानाधारक कारागिराकडं. सव्वातेरा इंच, मागं रबरी गादी.

पहिल्या दिवशी पाटीवर मारलं. पांढरा रंग दिलेल्या पत्र्यावर 16 यार्डांवरून, मध्यभागाकडं बघून, विचार न करता पाच बार. छऱ्यांचा मेळ मध्याच्या किंचित वर पडला. हवा होता तिथंच. मग सर्वांत उघडा चोक, 24 ग्रॅम, आणि समोर सरळ जाणारी एकच सोपी चकती. दिवसाला 25 च्या वर काडतूस नाही, ती कितीही विनवो. मफच्या आत कापसासारखे प्लगही, कारण शॉटगनचा आवाज 150 डेसिबलच्या घरात जातो आणि गेलेला कान परत येत नाही. जेवणाआधी साबणानं हात, शिशासाठी.

त्या दिवशी 25 पैकी 4 फुटल्या. पाचव्या महिन्यात 25 पैकी 14. अधूनमधून मी पोकळ काडतूस घालतच असतो, तिला माहीत असतं, कुठल्या वेळी ते माहीत नसतं. नळी आता झुकत नाही.

आबा प्रत्येक फेरीला येतात. त्यांची दुनळी मात्र घरी कुलपात, काडतुसं वेगळ्या कपाटात, किल्ल्या दोन जागी. खंडेनवमीला ती बाहेर निघाली. नातीनं आधी ती मोडून उघडली, दोन्ही घरं उजेडाकडं धरून आबांना दाखवली, मग उघडीच पाटावर ठेवली आणि हळदीकुंकू वाहिलं. दुपारी मी तिचं माप घेतलं. उंची दीड इंचानं वाढली आहे, अंगठा नाकाच्या फार जवळ यायला लागला आहे, डोळा अजून डावाच. कराडला फोन केला. तुकडा कागदात गुंडाळून ठेवलेला आहे म्हणाले. आठ मिलिमीटरचा जोड घालून दस्ता वाढवायचा, दिवाळीच्या सुट्टीत.